वाट माझ्याकडून

मंगळवारी लाईट जाते, यात नवल काहीच नव्हतं. वीज मंडळाची दुरुस्ती असते. सकाळी गेलेली लाईट कधी येईल ते खांबावर चढलेल्या लाईनमनलाही सांगता येत नाही. पनवेलच्या बायका सोमवारीच मिक्सरची कामं उरकून घेतात. नवल होतं ते नेटचं.

लाईट गेली की सोसायटीचा जनरेटर घुरघुरायला लागायचा. लिफ्ट चालायची, जिन्यातले दिवे लागायचे, नेटच्या मुख्य डब्यावरचे हिरवे ठिपकेही लुकलुकायचे. घराघरांत इन्व्हर्टर होते. म्हणजे सगळं जागच्या जागी. तरीही फोन गोगलगायीसारखे घसटत चालायचे आणि बाळांच्या खोल्यांतले कॅमेरे तर पार आंधळे व्हायचे. मग अर्ध्या तासाने, लाईट अजून आलेली नसतानाच, सगळं आपोआप सुरळीत. जणू कुणीतरी रुसून बसलं होतं आणि कंटाळून उठलं.

"ताई, परत आंधळा झाला बघ." भावना दारातूनच बोलत आत आली. तिच्या खांद्यावर दोन महिन्यांचा शार्दूल मान टाकून झोपला होता. ती तिसऱ्या मजल्यावरची, जेरुशा चौथ्यावरची. "मी आपली कपडे वाळत घालताना फोनमध्ये बघत असते याला. आज नुसता काळा पडदा. धावत गेले तर पठ्ठ्या झोपलाय. माझाच जीव गेला असता."

"ये, बस. माझाही बंद आहे."

कॅमेरे जेरुशानेच निवडले होते. बिल्डिंगमध्ये एका वर्षात पाच बाळं व्हायची होती, तेव्हा झालेल्या नि होणाऱ्या अशा पाच आयांनी मिळून एकदम मागवले. एकीने साड्यांचं बघावं, एकीने भिशीचं, तसं मशीनचं जेरुशाने बघायचं, असं आपोआप ठरून गेलेलं. बाळ व्हायच्या आधी ती बेलापूरच्या एका ऑफिसात कंपन्यांची नेटवर्कं सांभाळायची. आता तेच काम घरून, तुकड्यातुकड्यांनी. मिखाल झोपली की नोकरी, मिखाल उठली की आई. सात महिन्यांची मिखाल शहाण्यासारखी झोपायची नाही. डोळे मिटल्यावरही तिच्या मुठीत आईचं एक बोट लागायचं, आणि जेरुशा उरलेल्या नऊ बोटांनी काम करायची.

आज तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, मिखालला डाव्या कुशीत दाबून धरलं आणि बघायला लागली. मिखाल तिच्या केसांची बट तोंडात घालून चघळत होती.

"हे काय?" जेरुशा पुटपुटली.

"काय गं?"

"बाहेर जायच्या वाटा दोन दिसतायत. एकच असायला हवी."

भावनाच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. तेव्हा जेरुशा तिच्याकडे वळून बसली. समजावून सांगायला तिला मनापासून आवडायचं. "बघ, बिल्डिंगमधला प्रत्येक फोन, टीव्ही, कॅमेरा, सगळ्यांना बाहेर जायचं असतं. पण वाट कुठून, ते त्यांना ठाऊक नसतं. म्हणून मुख्य डब्यात एक छोटा प्रोग्राम मागच्या मागे चालू असतो. तो थोड्या थोड्या वेळाने हाक मारतो, 'वाट माझ्याकडून आहे हो, माझ्याकडून.' ती ऐकून सगळे तिकडून जातात."

"आणि दुसऱ्याच कुणी हाक मारली तर?"

"तर त्याचंही ऐकतात. तू कोण, कुठला, असं कुणी विचारत नाही. आणि जो हाकेत म्हणेल की मी जास्त मोठा, त्याच्याकडून आधी जातात."

"आमच्या मोठ्या दिरांसारखं," भावना म्हणाली. दोघी हसल्या. शार्दूल दचकला, परत झोपला.

"पण एक आहे," जेरुशा म्हणाली. "हा प्रोग्राम नीट बंद केला, तर जाताना शेवटची हाक मारून जातो, 'आता माझ्याकडून येऊ नका.' मग सगळे दुसरी वाट धरतात. पण त्याची वीजच कुणी तोडली, तर बिचाऱ्याला निरोप द्यायलाही वेळ मिळत नाही. तो मेलेला असतो आणि सगळे त्याच्याच दारात ताटकळत उभे असतात. अर्धा तास. तेवढ्यात नवी हाक आली नाही की मग त्याचा नाद सोडतात."

"म्हणजे लाईट गेली की तो मरतो."

"बरोबर. म्हणजे तो अशा जागी आहे, जिथे इन्व्हर्टर नाही आणि जनरेटरची लाईनही नाही."

"मग ते सोसायटीचं ऑफिस," भावना सहज म्हणाली. "तिथेच नाहीये. मीटिंगमध्ये केवढा वाद झाला होता. विश्वजीतदादा म्हणाले, ऑफिसात काय माश्या मारायला जनरेटर हवाय? सोसायटीचा खर्च वाचवा."

जेरुशाने हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

विश्वजीत म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. चाळिशी ओलांडलेले, सीसीटीव्ही बसवायचा धंदा, कपाळाला गंध, सगळ्यांचे दादा. गेटवर कुणाची म्हातारी आई रिक्षातून उतरली तर पिशवी घेऊन वर पोचवणार. नळाला पाणी जास्त सोडणाऱ्यांची मात्र त्यांना भारी चीड. कुणाच्या गच्चीवरच्या पाइपातून थेंब गळला तरी रात्री झोप लागत नाही म्हणायचे. जेरुशावर तर त्यांचे उपकारच. तिचा नवरा निसीम आणि ती घर शोधत हिंडत होती तेव्हा प्रत्येक घरमालक विचारायचा, ज्यू म्हणजे नक्की कोण? नाव असं कसं? मांस-मच्छी? दाराच्या चौकटीला ती प्रार्थनेची बारकी पेटी कशाला लावणार? आणि मग दोन दिवसांनी 'आमच्या भाच्याला द्यायचं ठरलंय' असा निरोप. विश्वजीतदादांनी मालकाला स्वतः फोन केला, "माणसं सोन्यासारखी आहेत, मी जबाबदार." नेटचं एकच मोठं कनेक्शन घेऊन सगळ्या घरांत वाटून द्यायची कल्पनाही त्यांचीच. स्वस्त पडतं म्हणून.

दुपारी लाईट आली. जेरुशा मिखालला कडेवर घेऊन खाली गेली.

ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. आत अगरबत्तीचा वास आणि त्याखाली बंद खोलीचा कुबट वास. टेबलाखाली एक काळा डबा गरम श्वास टाकत होता. विश्वजीतने ती आत येताच टेबलावरचा पडदा, म्हणजे मॉनिटर, किंचित भिंतीकडे वळवला. अगदी सहज, माणूस पाय आवरतो तसा.

"या, या, कोण आलंय आमच्याकडे!" त्याने मिखालसमोर टिचक्या वाजवल्या. "काय गं जेरुशा?"

"दादा, नेट मंगळवारी जातं ना, त्याचं बघत होते. हा डबा कसला?"

"सीसीटीव्हीचा. जुना झालाय." तो हसला. "तू कशाला डोकं शिणवतेस? लेकुरवाळी बाई तू, आराम कर. दिवसभर बसून बसून तुझी पाठ दुखत असेल. मागे उशी घेत जा, उशी."

मिखालला पाजताना जेरुशा भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसायची. उशीशिवाय. पण तसं कुणीही म्हणेल, बाळंतिणीला सगळेच उशी घे म्हणतात, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती वर आली. जिना चढताना मात्र तिने मिखालचं झबलं विनाकारण खाली ओढून तिचे पाय झाकले.

घरी आल्यावर तिने जे केलं, ते ती कामात शंभरदा करत आली होती. आपल्या लॅपटॉपचंच एक वेगळं वायफाय केलं, त्यावर फक्त बाळाच्या खोलीतला कॅमेरा घेतला. मग तोच प्रोग्राम स्वतः चालू केला. चार ओळी लिहायच्या, चालू म्हणायचं, बास. तो मागच्या मागे बसला आणि हाक मारू लागला, 'वाट माझ्याकडून.' कॅमेऱ्याने ऐकलं. भोळ्या कुत्र्यासारखा शेपटी हलवत तो लॅपटॉपच्या वाटेला लागला. कॅमेरा बाहेर जे पाठवत होता, ते बंद पाकिटात नव्हतं, पोस्टकार्डासारखं उघडं होतं. जेरुशाने ते वाटेत उचललं आणि उघडून पाहिलं.

तिला तिचंच घर दिसलं. पाळणा. निळी दुपटी. भिंतीला टेकून बसायची ती जागा, अगदी मधोमध. आणि आवाजही. शेजारच्या खोलीत ती स्वतः खोकली, तो खोकला अर्ध्या क्षणाने लॅपटॉपमधून ऐकू आला.

किती सोपं होतं. इतकं सोपं, की तिला आधी आपल्या धंद्याचीच शिसारी आली. ज्या हाकेवर तिने दहा वर्षं विश्वास ठेवला, ऑफिसं उभी केली, ती हाक खाली त्या कुबट खोलीत बसून तो मारत होता, आणि पाच घरांतली पाच बाळं, पाच आया रांगेने त्याच्या टेबलावरून जात होत्या. दुपारी चारला, ती पाजायला बसायची तेव्हा. सकाळी अंघोळीनंतर, केस ओले असताना. पहिल्या महिन्यात, टाके दुखत असताना ती रडत बसायची, तेव्हाही.

ती मोरीत गेली आणि ओकली.

त्या दिवसापासून ती त्या खोलीत मिखालला घेईना. कॅमेऱ्याची वायर काढून ठेवली होती, तरीही. बाथरूममध्ये कडी लावून, प्लास्टिकच्या स्टुलावर बसून पाजायला लागली. पण दूध उतरेना. मिखाल ओढायची, थांबायची, वर बघायची. तिच्या डोळ्यांत राग नसायचा, नुसता प्रश्न. मग ओठ दुमडून रडायची. जेरुशा तिच्या टाळूवर ओठ टेकवून म्हणायची, "माझं चुकलं नाही गं राणी. तुझं पण नाही." आणि बादलीत नळाचं थेंब थेंब पाणी पडत राहायचं.

निसीमला तिने फोनवरच सांगितलं. तो जासईला कंटेनरच्या यार्डात होता. मागे क्रेनच्या भोंग्याची कटकट.

"खात्री आहे तुला?"

"आहे."

"म्हणजे बघतोच असं आहे का? डबा आहे तिथे, मान्य. पण तो म्हणेल सीसीटीव्हीसाठी आहे. मग?" तो भोंग्यापासून जरा लांब गेला. "जेरू, घर त्याच्या शब्दावर मिळालंय आपल्याला. उद्या मालकाने खाली करा म्हटलं तर परत तेच. ज्यू म्हणजे कोण, इथपासून."

"म्हणून त्याने मला बघायचं?"

"नाही," निसीम म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "नाही गं. मी येतो. पण पुरावा असा हवा, की तुझं म्हणणं कुणाला कळायला इंजिनिअर लागू नये."

तो पुरावा कसा असावा ते ठमाबाईंनी सांगितलं. ठमाबाई भावनाची सासू, उरणकडच्या कोळीण. नातू झाला म्हणून मासळीची पाटी जावेकडे सोपवून इथे येऊन राहिलेल्या. भावनाने त्यांच्यासमोरच जेरुशाचं ऐकलं आणि रडायला लागली. ठमाबाई रडल्या नाहीत. त्यांनी वाट, हाक, डबा, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तो बगतो म्हंतेस, बगताना कोनी पायलाय त्याला?"

"नाही ना मावशी."

"मग बगताना धराया पायजे. चोर मालासकट धरतात. हा माल काय हाताला लागनारा नाय, मग त्याच्या तोंडातनं काढाया पायजे." त्यांनी भावनाकडे पाहिलं. "तू डोळं पूस. रडायचं तेनं, आपन नाय."

मग तिघी बोलत बसल्या, आणि बोलता बोलता जेरुशाला पाण्याची आठवण झाली. टाकी वाहतेय असं कळलं, तर विश्वजीत जेवणाच्या ताटावरून उठतो.

"जेरू," ठमाबाई म्हणाल्या, "पन त्यासाठी तुला परत त्याच्यापुडं बसावं लागंल."

"माहितीये."

"जमंल?"

जेरुशाला जमणार नव्हतं. ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास ठमाबाई ऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. लसूण सोलत. भावना शार्दूलला घेऊन गेटपाशी उभी राहिली. त्या दिवशी पनवेलला पाणीच आलं नव्हतं. टाकीत बुडाला चार बादल्या असतील नसतील. वर जेरुशाने खोलीचं दार लावलं, कॅमेऱ्याची वायर परत लावली आणि भिंतीला टेकून नेहमीच्या जागी बसली.

कॅमेऱ्यावरचा तांबडा ठिपका पेटला. काडेपेटीएवढी वस्तू, आणि जेरुशाला वाटलं की कुणीतरी ओला हात आपल्या मानेवर ठेवलाय. मिखालला काय कळणार? ती नेहमीच्या जागी आलेली पाहून खूश झाली, आईच्या छातीवर थापट्या मारायला लागली, ओढणी ओढायला लागली. ते सात महिन्यांचं लोभस घाईचं हसू खालच्या खोलीतही दिसत असेल. तिने ओढणी घट्ट धरून ठेवली. चेहरा मात्र रोजचा ठेवला. चेहरा रोजचा ठेवायला किती ताकद लागते, हे तिला त्या दिवशी कळलं.

तिने फोन कानाला लावला. फोन बंद होता.

"भावना? अगं, गच्चीवरची टाकी वाहतेय वाटतं. खिडकीतून दिसतंय, पाणी नुसतं धो धो. केव्हापासून कोण जाणे. हो, सांगते दादांना, आधी हिला पाजते. पंधरा मिनिटं जाऊ दे."

तिने फोन खाली ठेवला आणि मिखालला छातीशी धरून ती उठली. खोलीतून बाहेर, हॉलच्या खिडकीशी. खाली ऑफिसचं दार दिसत होतं.

दार उघडलं. आधी किल्ल्यांचा जुडगा, मग विश्वजीत. चप्पल अर्धी पायात. त्याने वर आकाशाकडे पाहिलं, टाकीच्या दिशेने, आणि जिन्याकडे धावला.

हे होणार हे तिला ठाऊक होतं. म्हणूनच तर ती तिथे उभी होती. तरी इतके दिवस मनाच्या एका कोपऱ्यात ती देवाला सांगत होती की मला खोटी पाड. आता तो कोपरा गेला. ती मिखालला घेऊन खाली निघाली.

खाली ठमाबाई जिन्याच्या तोंडाशीच उभ्या होत्या. लसणाची ताटली हातात.

"कुटं धावलास रं दादा?"

"टाकी, टाकी वाहतेय, सरका मावशी."

"कुनी सांगितलं?"

"अहो, कुणीतरी ओरडलं."

"मी हितंच बसलंय. मना नाय आयकू आलं. माजं कान अजून शाबूत हाईत."

"मग ग्रुपवर आलं असेल. सरका ना!"

भावना पुढे आली. एका हातात मूल, एका हातात फोन. तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "ग्रुपवर सकाळपासून एकच मेसेज आहे दादा. तुमचाच. आज पाणी येणार नाही, जपून वापरा."

विश्वजीतच्या कपाळावर घामाचा एक थेंब गंधातून ओघळला आणि नाकावर केशरी रेघ उठली. एवढ्यात जेरुशा शेवटच्या पायरीवर आली.

"टाकी वाहतेय असं मी म्हटलं," ती म्हणाली. "माझ्या बाळाच्या खोलीत. दार लावलेलं होतं. फोन कानाला होता, पण बंद. तिथे मी होते, मिखाल होती आणि कॅमेरा होता. आमच्यापैकी कोण आलं होतं सांगायला, दादा?"

आवाज ऐकून पहिल्या मजल्यावरच्या दोघीतिघी जिन्यात आल्या होत्या. वॉचमनही उभा राहिला. विश्वजीतने सगळ्यांकडे पाहिलं, आणि मग अचानक अगदी मऊ आवाजात, जणू तिला एकटीलाच सांगत असावा तसा, म्हणाला, "जेरुशा, तू मला धाकट्या बहिणीसारखी आहेस. मी कुणालाच दाखवलं नाही गं. शप्पथ. एकटाच बघायचो."

त्याने हे वाक्य आपली बाजू मांडायला उच्चारलं होतं. त्याला खरंच वाटत होतं की यात आपलं थोडं चांगुलपण आहे. जेरुशाला वाटलं, आपण आयुष्यात याहून घाण काही ऐकलेलं नाही. शिवी परवडली असती. त्या मऊपणाचा चिकटा अंगावर पडल्यासारखा झाला आणि तिने मिखालचा कान आपल्या तळव्याने झाकला.

मग एकदम गलका झाला. कुणी म्हणालं मारा, कुणी म्हणालं आधी नवऱ्यांना बोलवा. पहिल्या मजल्यावरची एकजण, तिलाही नऊ महिन्यांची मुलगी होती, जेरुशाचा दंड धरून कुजबुजली, "ताई, वाढवू नका हो. आपलंच काय काय असेल त्याच्यात. बाहेर आलं तर? सासरी काय तोंड दाखवू? डबा फोडून टाकू आणि गप्प बसू."

वॉचमन तेवढ्यात आत घुसून टेबलाखाली वाकला होता. "उपटू का वायर?"

"नाही!" जेरुशा ओरडली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की मिखाल रडायला लागली. "कुणी हात लावू नका. काही तोडायचं नाही, फोडायचं नाही. आहे तसं राहू दे. तोच पुरावा आहे."

"पण डबा चालूच आहे ना ताई," वॉचमन म्हणाला. "अजून बघतोय."

"कॅमेरे बंद करा. वर जा आणि पाचही घरांतल्या वायरी काढा. मग तो कितीही हाका मारू दे, जायला कुणी नसेल."

बायका धावल्या. वॉचमनने विश्वजीतच्या हातातून किल्ल्या घेतल्या, ऑफिसला कुलूप लावलं. ठमाबाई कुलपाखाली पायरीवर बसल्या आणि लसूण पुढे सोलायला लागल्या. "जा तुमी पोलिसांत," त्या म्हणाल्या. "मी हाय हितं. याला आत जायचं आसंल त माज्या आंगावरनं जाऊ दे, आन् डबा बाहेर न्यायचा आसंल तरी माज्याच."

निसीम परस्पर ठाण्यावर आला. यार्डातला धुळीचा शर्ट तसाच. फौजदार बाई होत्या, तरुण, नीट ऐकणाऱ्या. शेजारी लिहून घेणारा हवालदार होता. जेरुशाने हाक, वाट, डबा, अर्धा तास, सगळं सांगितलं. ते तिला सोपं गेलं. कामाचंच बोलणं होतं ते.

"आणि त्याने काय बघितलं?" हवालदाराने मान वर न करता विचारलं.

जेरुशाने निसीमकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. भावना तिच्या शेजारी बसली होती, तिने शार्दूलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि मोकळा हात जेरुशाच्या गुडघ्यावर ठेवला.

"मी लेकराला पाजते, ते," जेरुशा म्हणाली. "रोज. सात महिने. कपडे बदलते, ते. रडते, ते. लिहा."

हवालदाराने लिहिलं. त्याची मान आणखी खाली गेली.

फौजदार बाईंनी पेन ठेवलं. "डबा आज जप्त होईल. गुन्हा दाखल होईल, त्याची काळजी नको." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण एक सांगते, अंधारात ठेवत नाही. आत काय आहे ते तपासावं लागेल. म्हणजे कुणीतरी बघावं लागेल."

म्हणजे संपलं नव्हतं. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. तो एकटाच बघायचो म्हणाला होता, आता सरकारी कामासाठी बघतील, चहा पीत, एकमेकांना हाका मारत. क्षणभर तिला पहिल्या मजल्यावरच्या त्या बाईचं पटलं. डबा फोडायला हवा होता. दगड घालून, धूळ होईपर्यंत.

मांडीवर मिखाल चुळबुळत होती. भूक लागली होती. ती आईच्या खांद्यावर तोंड घासत होती, दोन-चार वेळा घासून मग ओरडणार, हे जेरुशाला ठाऊक होतं.

"बाई अधिकाऱ्यानेच बघायचं," जेरुशा म्हणाली. "असं लिहून द्या. आणि तुम्ही बघाल तेव्हा मी शेजारी बसणार. बाकीच्या चौघींपैकी जिला यायचं ती येईल. आमच्या पाठीमागे काहीच बघायचं नाही. आता नाही."

"असा नियम नाही तसा..." हवालदार म्हणाला.

"लिही," फौजदार बाई म्हणाल्या.

मिखाल ओरडली. निसीम उठून दाराशी जाऊन उभा राहिला, बाहेर तोंड करून, पाठीने दार अडवून. हवालदार कागद घेऊन बाहेर गेला. भावनाने आपली ओढणी काढली आणि जेरुशापुढे धरली, दोन्ही हात ताणून, शार्दूलला मांडीवर आडवं ठेवून.

दूध लगेच आलं नाही. मिखालने ओढलं, थांबली, वर पाहिलं. जेरुशा तिच्याकडेच बघत राहिली. कुठल्याही भिंतीकडे नाही, कोपऱ्याकडे नाही.

"ओढ," ती म्हणाली. "ओढ गं."